क्रोमियमपाशी

मुलीची पेन्सिल एकेका मूलद्रव्याचे इलेक्ट्रॉन मांडत स्कँडियमपासून निघते, टायटॅनियम, व्हॅनेडियम अशी न अडखळता पळते आणि क्रोमियमपाशी येऊन थांबते. फार नाही, एक श्वास घेण्यापुरती. मग शेवटच्या कक्षेत जिथे एक इलेक्ट्रॉन लिहायचा, तिथे दोन लिहून पुढे जाते.

आजही तसंच झालं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"क्रोमियम पुन्हा चुकलंय."

"अय्या, पुन्हा?" मुलीने पेन्सिलीचं टोक चावलं. या सवयीवरूनच बाईंनी तिचं नाव खारूताई ठेवलं होतं. "हे क्रोमियम माझ्या राशीलाच बसलंय, बाई."

"ते बसलंय की तू त्याच्या राशीला बसली आहेस?"

मुलगी खुदकन हसली आणि वही पुढे सरकवली. बाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. दोनच्या आकड्याखाली खोडलेला एक पुसट दिसत होता. त्यांनी वही मिटली.

बाई निवृत्त झाल्या त्याला आता बरीच वर्षं झाली होती. यजमान गेल्यापासून या घरात त्या एकट्याच. मुलगी समोरच्या दारातली. तिची आई इस्पितळात नर्स, कायम दुपारपाळीला. संध्याकाळी तिच्या घरी दिवा लावायलाही कुणी नसे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत रसायनशास्त्रात आपली दांडी उडणार या धास्तीने ती पहिल्यांदा बाईंकडे आली, तेव्हा खांद्यावर दप्तराचं ओझं होतं आणि डोळ्यांत पाणी. आता ती नुसती वही आणि पेन्सिल घेऊन यायची, चपलासुद्धा न घालता.

"द्रावणांचे रंग विचारा," ती म्हणाली.

"निकेल."

"हिरवा."

"मँगनीज, दोन धन."

"फिका गुलाबी. इतका फिका, की नळीमागे पांढरा कागद धरावा लागतो."

"झिंक?"

"रंगच नाही. त्याची सगळी घरं भरलेली. इलेक्ट्रॉनला हलायला जागा नाही, मग रंग कुठून येणार?"

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली रस्त्यावर पोरांनी दुपारपासून चेंडूचा धुडगूस घातला होता. आपल्या मुलाच्या घरचं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. एका खोलीत मुलगा-सून, दुसरीत नाती आणि त्यांचं सामान, आणि हॉलच्या कोपऱ्यात पडद्याआड एक कॉट. "छान हवेशीर जागा काढलीय तुमच्यासाठी," असं सून फोनवर म्हणाली होती. ती मनापासूनच म्हणाली होती, यातच सगळी अडचण होती.

क्रोमियमचं कोडं तसं एका वाक्याचं. पाच घरांत एकेक इलेक्ट्रॉन बसला की अणूला स्थैर्य येतं, म्हणून तो बाहेरच्या दोघांतला एक आत ओढून घेतो. बाईंनी हे वाक्य वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं होतं. पण हल्ली ते त्यांच्या ओठांवर येत नसे.

"असू दे," त्या म्हणाल्या. "उद्या पुन्हा बघू."

"उद्या बघू," मुलगी लगेच म्हणाली.

बाईंना स्वतःचीच लाज वाटली. आयुष्यात त्यांनी कुणाची चूक अशी सोडून दिली नव्हती. पण उजळणी संपली की मुलाला सांगायला काही उरणार नव्हतं, आणि मग हे घर जाणार होतं. बाहेरच्या कठड्यावरची सकाळची उन्हं, यजमानांची आरामखुर्ची, फळी भरून पुस्तकं, समोरचं दार. सगळंच.

फोन वाजला. मुलाचाच होता. त्याचा आवाज मोठा. खोलीभर ऐकू येई.

"आई, घर घेणारे आता थांबत नाहीत. शनिवारी मी येतोय. सह्या करून टाकू."

"अरे, पण..."

"पण काय? मुलीची परीक्षा, हेच ना? आधी म्हणालीस परीक्षा आहे. मग म्हणालीस तारीख पुढे गेली. कोण कुठली शेजारची मुलगी, तिच्यासाठी आम्ही जीव टांगणीला लावून बसायचं?"

मुलीने मान खाली घातली. मग हळूच बाईंच्या पदराला हात लावून कुजबुजली, "सांगा ना त्यांना, मी अजून कच्ची आहे म्हणून. क्रोमियम येत नाही म्हणावं."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मुलीचे कान लाल झाले होते.

"आई, ऐकतेस ना? मी काय तुझा शत्रू आहे? रात्री-अपरात्री पडलीस तर कोण आहे तिथे? इकडे माणसं आहेत."

"आहेत रे. मी कुठे नाही म्हणते?"

"मग? किती दिवस अशी टोलवाटोलवी करणार? नको असेल तर तसं सांग. पण दर वेळी त्या पोरीला पुढे करू नकोस."

हा मुलगा लहानपणीही असाच होता. वर्मावर नेमकं बोट ठेवायचा, आणि मग त्यालाच रडू यायचं. आत्ताही त्याचा आवाज शेवटी जरासा कापला होता.

"शेवटचं विचारतो," तो म्हणाला. "कधी आहे तिची परीक्षा? एक तारीख सांग."

मुलगी श्वास रोखून बसली होती. बाईंनी फोन या कानाचा त्या कानाला लावला, पाठ ताठ केली, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज कितीतरी वर्षांनी काढला.

"तिची परीक्षा मागच्या महिन्यातच झाली, बाळा. मी येत नाही, एवढंच."