ठकीची भिंत

दिवाळी सरली की मासवणच्या पाड्यावरची माणसं वीटभट्ट्यांवर कामाला जायची आणि पाडा ओस पडायचा. मागं राहिलेली ठकी तांदळाच्या पिठात काडी बुडवून गेलेल्या एकेकाला आपल्या कुडाच्या भिंतीवर काढत बसायची. कुणाच्या डोक्यावर हंडा, कुणाच्या मागं कुत्रा.

पावसाच्या तोंडावर माणसं परतायची. जो येईल त्याच्या चित्रावर ठकी शेणाचा हात फिरवायची.

"दरसाल नव्यानं काढायचा एवढा हुरूप येतो कुठून गं तुला?" परत आलेली जिवली एकदा म्हणाली.

"माणसं गेली का हात गप बसत नाय."

त्या वर्षी सगळी भिंत कोरी झाली. उरला एकटा देवू. ठकीचा मुलगा, कुंभवलीला कारखान्यात लागलेला, तिथंच खोली घेऊन राहणारा.

एका दुपारी देवू आला. उंबऱ्यावरच टेकून, एसटी चुकू नये म्हणून घड्याळ बघत चहा पीत होता. समोर भिंतीवर स्वतःला पाहून हसला.

"आये, मी आलो ना? मग मला का नाय लिपलंस?"



ठकी त्याच्या पायांकडं बघत म्हणाली, "आदी बूट तरी काढ, पोरा."