मराठी घरं

पुण्याहून बंगळूरला वायटूकेच्या सॉफ्टवेअर कामाला आलेल्या सुशांतने क्रेडिट कार्डाचं व्याज कमी करा म्हणून बँकेला कितीदा तरी फोन केले. बँकेने व्याज कमी केलं नाही, वसुलीला नरसिंहराव पाठवले. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे मराठी. दर शनिवारी येऊन सोफ्यावर बसायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. जाताना मात्र सुशांतच्या छोट्या मुलीला, निधीला, न चुकता विचारायचे, "शाळेची बस कोपऱ्यावरच येते ना, पुट्टी?"

शेवटी सुशांतने दुसऱ्या बँकेचं कार्ड घेतलं आणि सगळी बाकी तिकडे वळवली, सहा महिने अर्ध्या व्याजावर. जुनं कार्ड कात्रीने कापलं, तेव्हा त्याची बायको प्रमोदिनी कितीतरी दिवसांनी हसली.

शनिवारी बेल वाजली. दारात नरसिंहराव.

"तुमच्या बँकेचं सगळं फेडलंय," सुशांत म्हणाला. "आता इथे यायचं नाही."

"सरी, सरी, ठीक आहे. नवी बँकपण मलाच पाठवते. बँक कुठलीही असू दे, मराठी घरं माझ्याकडेच असतात."

"पण अजून पहिलं बिलसुद्धा आलेलं नाही!"

"ठाऊक आहे की," चपला काढत ते म्हणाले. "म्हणूनच आज नुसती कॉफी."