गंजलेला बोल्ट

सकाळी सव्वासातला दयारामने चहा संपवून सौरपॅनेलच्या दुकानाची चावी उचलली, तोच लेकीने पुढ्यात गंजलेला बोल्ट ठेवला. ती उरणमधल्या साप्ताहिकाची संपादक. “बाबा, तुमच्या गिऱ्हाईक ठमाबाईंच्या छपरावर पॅनेलला तुम्हीच बसवलेला. दोन वर्षांत गंजला. खाऱ्या हवेत टिकणारा सांगाडा महाग पडतो; तुमच्या दरपत्रकात तो नव्हता, मीही तुमचा आकडा न पडताळता सौरपॅनेलच्या खर्चावरच्या लेखात छापला. उद्याच्या अंकात चूक-दुरुस्ती छापतेय.” “दुकानाच्या नावासकट?” “आकडा कुणाचा ते सांगायचं, नियम आहे.” “बापसालाबी सोडत न्हाय!” “लोक आमचा आकडा वाचून पैसे घालतात.” दुसऱ्या दिवशी दयारामने दुरुस्ती दोनदा वाचली. त्याचे नाव होते, तिच्या चुकीची कबुली होती, सबब नव्हती. ते पान त्याने दुकानाच्या काचेवर, जुन्या दरपत्रकाच्या जागी चिकटवले. “स्वतःचीच नाचक्की मिरवतोस?” शेजारी हसला. “माझ्या पोरीनं लिहिलंय,” म्हणत तो नवे बोल्ट घेऊन ठमाबाईंकडे निघाला.