तिचा घास

काल्हेरच्या नव्या फ्लॅटमध्ये विनिताचा लेकीसाठी एकच नियम होता. अर्धा तास मोबाईल, मग अर्धा तास खेळ.

आजही गजर वाजताच तिने मोबाईल बंद करून फ्रिजवर पालथा ठेवला आणि वरणभात कालवायला घेतला. "चल आर्वी, एक घास चिऊचा, एक काऊचा."

"अन् एक तिचा," चार वर्षांची आर्वी फ्रिजकडे बघत म्हणाली. "आता तिचा अर्धा तास हाय. ती माझा खेळ बघते."

"कोन न्हाय तिथं!" म्हणत विनिताने मोबाईल उचलून तिच्यापुढे धरला. काळ्या काचेवर भाताचं एक शीत होतं.

तिने ते ओढणीने पुसलं, नखाने खरवडलं. निघेना. शीत काचेच्या आत होतं.

आतूनच दोन चिमुकल्या बोटांनी ते अलगद उचललं.