लय पळवणारा

कोसळलेल्या बोगद्याच्या तोंडाशी काँक्रीटचा पंप तयार होता. ढिगाऱ्यात सोडलेल्या माइकमधून लॅपटॉपमार्गे स्पीकरवर ठकठक ऐकू येत होती. ती माणसाची की यंत्राची, हे अलीकडे सॉफ्टवेअर ठरवायचं आणि त्याचा शब्द अखेरचा.

गाण्यांच्या स्टुडिओतून लॅपटॉपसकट तातडीने बोलावून आणलेल्या ध्वनितंत्रज्ञ वैजयंतीने तिसऱ्यांदा तपासणी केली. पडद्यावर पुन्हा तेच उमटलं : 'यंत्र. खात्री ९९ टक्के.'

"आत पाण्याचा पंप चालू राहिला असणार," इंजिनिअर डोंगरे म्हणाले. "आत कुणी नाही, अशी सही करा, मॅडम. डोंगर खचतोय. बोगदा आत्ता बुजवला नाही, तर खालची वाडी जाईल. आत कुणी जिवंत असतं, तर जीव धोक्यात घालून थांबलो असतो."

आत अडकलेल्या सर्जेरावची बायको सगुणा कान देऊन ऐकत होती. तिने पदर तोंडाशी धरला.

"हे आमचे नव्हेत, साहेब. भजनात टाळ धरला, की ते लय पळवतात. बुवा किती ओरडतात, तरी पळवतातच. हे कसं अगदी सरळ चाललंय."

सरळ! वैजयंतीला आठवलं. कालच तिने याच लॅपटॉपवर एका गाण्यातल्या ढोलकीचा ताल सरळ करून घेतला होता. तिने घाईघाईने सेटिंग उघडलं. 'ताल सरळ करा' या चौकटीत कालची खूण तशीच होती.

तिने ती काढली.

स्पीकरवरची ठकठक अडखळली, सावरली आणि हळूहळू वेग घेऊ लागली.

"पळवली!" सगुणा रडत ओरडली. "बघा, पळवली लय!"