हिरवा चुडा

लग्नघरात कासाराने नेहमीप्रमाणे हिरव्या रंगाची डबी उघडून ठेवली. त्याच्या बांगड्यांची काच अंगातला पारा ओळखायची. पारा नसलेल्या हातावर ती हिरवी होई. पाऱ्याने नासलेल्या या खाडीकाठच्या कोळीवाड्यात मात्र राखाडी पडे. दर लग्नसराईत राखाडी जरा फिकी दिसायची, इतकंच. म्हणून प्रत्येक नवरीचा चुडा रंगवलेलाच असायचा.

आज नवरी होती रेवा. तिच्या मनगटावर बांगडी चढली आणि हिरवीगार झाली.

"दादा, आधीच रंगवून आणलीत?" तिची आई कडाडली.

कासाराने ओल्या फडक्याने बांगडी खसाखसा पुसली. रंग हलेना.

"वहिनी, पोरीच्या अंगात पाराच नाही! खाडी साफ झाली!"

आईने लेकीचा हात डोळ्यांना लावला. आनंदाच्या भरात कासाराने रंगाची डबी खाडीकडच्या खिडकीबाहेर भिरकावायला उचलली.

"अहो, खाडीत नको!" साऱ्या बायका एकदम ओरडल्या.