जाड फुली

"ही धरून बघा, तौनो," म्हणत दुकानदार एस्कोने नवीकोरी दुर्बीण खोक्यातून काढली, मागचं झाकण उघडून त्याच्या हातात दिली आणि वाजणारा फोन घ्यायला तो आत गेला.

दुर्बीण बंदुकीवर बसवायची होती. जुनीला डोळा फार जवळ न्यावा लागे. बार उडाला की ती मागे येऊन भुवईवर आदळे. तिथे पडलेल्या खुणेवरून शेजारी उभी असलेली त्याची बायको लेम्पी लग्नापासून त्याला चिडवत आली होती.

"चार बोटं अंतर तरी राहू दे," ती म्हणाली. "उरलेली भुवई मला हवी आहे."

तौनो हसला, पण त्याचा जीव टांगणीला लागला होता. उन्हाळ्यापासून त्याला समोरचं, अगदी मधलं काही दिसत नव्हतं. कडेकडेचं तेवढं दिसे. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, लेम्पीला तर नाहीच. गुडघ्याचं निमित्त करून गाडीही तिच्याकडे सोपवली होती. यंदा तो बंदूक भरणारही नव्हता. फिनलंडच्या त्या रानात मूस हरणांची शिकार सुरू झाली की गावकऱ्यांबरोबर आपल्या नेहमीच्या जागी बसायला मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. लेम्पीला कळलं असतं तर तिने त्याला घराबाहेर पडू दिलं नसतं.

त्याने नळीला डोळा लावला. सगळा काळोख. आज कडाही गेल्या होत्या.

"नेम धरायची आतली फुली कशी आहे?" लेम्पीने विचारलं. "जुनी बारीक होती, संध्याकाळी हरवते म्हणून कुरकुरायचास."

"ही जाड आहे. ठसठशीत."

"बघू." तिने दुर्बीण घेऊन खिडकीकडे रोखली. "अगं बाई, चर्चचं घड्याळसुद्धा दिसतंय. हीच घे. आणि यंदा मीही येणार तुझ्या शेजारी बसायला. कॉफीचा थर्मास कुणी धरायचा?"

"तू बडबडशील आणि मूस पळतील."

"पळू देत."

खपून गेलं, तौनोला वाटलं. भोळी आहे बिचारी.

परतताना लेम्पी गाडी चालवत होती. रस्त्याकडेची बर्चची झाडं त्याच्या नजरेच्या कडेला नेहमीसारखीच पांढरी दिसली. तो चक्रावला. मग मघाशी काळोख कसला? त्याने मांडीवरचं खोकं हळूच उघडलं.

"काय स्वच्छ काच आहे रे त्या दुर्बिणीची," लेम्पी म्हणाली.

त्याची बोटं नळीच्या पुढच्या टोकाशी पोचली. तिथे कारखान्याचं रबरी झाकण गच्च बसलेलं होतं, आणि त्यावरची चिकटपट्टी अजून कुणी काढलीच नव्हती.